माळ आपली, माप समोरच्याचं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गणपती आपल्या गावी गेले, पितृपक्ष सुरू आहे आणि नवरात्र दारात येऊन उभं आहे. बडोद्यात अजून पंखे फिरताहेत. अशा दिवसांत लोकरीचा पाठ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या कुटुंब-गटांतल्या कितीतरी घरांचं एखादं तरी माणूस आज बर्फाच्या देशात आहे. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची नात विनिपेगला, कुणाची सून-मुलगा न्यू जर्सीला. तिकडे नोव्हेंबरातच बर्फ पडायला लागतो. विणायला महिना जातो, पार्सल पोचायला आणखी दिवस जातात. म्हणजे सुया आत्ताच हातात घ्यायला हव्यात.

या महिन्याचा पाठ ‘देणं’ या विषयावर आहे. विषय मोठा आहे, म्हणून आपण तो एका टोपीवरून शिकणार आहोत. घरात एकत्र बसून वाचा. ज्यांना विणता येत नाही त्यांनीही वाचा, कारण पाठ विणकामापुरता नाही.

*१. देवाला विचारतो, माणसाला विचारत नाही*

नारेश्वरच्या पूज्य बापजींनी, श्रीरंग अवधूत महाराजांनी, आपल्याला ‘परस्पर देवो भव’ हा उद्घोष दिला. समोरच्यात देव पाहायचा. आपण तो रोज उच्चारतो. तो खरोखर वापरायचा तर काय करावं लागेल, ते आधी पूजेच्या ताटात पाहू.

गणपतीला दूर्वा आणि जास्वंद. शंकराला बेल. विठ्ठलाला तुळस. एरवी गणपतीला आपण तुळस वाहत नाही, कितीही ताजी असली तरी. म्हणजे देवाला देताना ‘मला काय आवडतं’ हा विचारच आपण करत नाही. त्याला काय आवडतं, त्याला काय चालत नाही, हे आधी पाहतो, मग फूल तोडतो. लहानपणी आजीने हे सगळं न शिकवता शिकवलं.

आता माणसाला देताना काय होतं ते आठवा. आपल्याला आवडलेला रंग, आपल्याला जमणारी वीण, आपल्याला वाटणारी थंडी. बडोद्यात जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर आला की आपण शाल काढतो. तेवढ्या अनुभवावर आपण उणे २० अंशांतल्या माणसाचा स्वेटर ठरवतो. प्रेम खरं असतं, पण माप आपलंच घेतलेलं असतं.

बापजींच्या जीवनातली एक साधी गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८९८ साली गोध्र्यात, मराठी घरात झाला. तरी दत्तबावनी त्यांनी १९३५ साली गुजरातीत रचली. श्रीगुरुलीलामृतही गुजरातीत लिहिलं. दत्तभक्तीचं मोठं भांडार तेव्हा मराठीत आणि संस्कृतात होतं. ज्यांना द्यायचं त्यांच्या तोंडी बसेल अशा भाषेत ते आलं, म्हणून आज गुजरातच्या गावागावांत लहान मुलंही बावनी म्हणतात. आम्हाला यात देण्याचा फार मोठा धडा दिसतो.

*२. आपल्या गटातली एक गोष्ट*

घडियाळी पोळीच्या गटातल्या एका आजींच्या परवानगीने ही गोष्ट लिहीत आहोत.

आजींची नात टोरांटोला शिकते. आजींनी तिच्यासाठी दोन महिने खपून पूर्ण बाह्यांचा, वेणीच्या विणीचा, चांगला जाडजूड स्वेटर विणला. डोळ्यांना त्रास होत होता तरी दुपारची झोप सोडून विणला. स्वेटर पोचला. नातीने ‘खूप मस्त आहे आजी’ असं म्हटलं. पण त्यानंतर प्रत्येक व्हिडिओ कॉलला नात अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात. आजी विचारायच्या, ‘घातलास का गं?’ नात म्हणायची, ‘घालते ना.’ चार वेळा असं झाल्यावर आजींनी विचारणं सोडलं, आणि कॉल आला की फोन सुनेच्या हातात द्यायला लागल्या. गटात एकदा म्हणाल्या, ‘आता नाही विणायची मी. आमच्या हातच्या गोष्टींची आता कुणाला गरज नाही.’

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरात वेगवेगळ्या शब्दांत बोललं जातं. कधी लोणच्याच्या बरणीवरून, कधी पाठवलेल्या साडीवरून. दोन्ही बाजूंना प्रेम असतं आणि दोन्ही बाजू गप्प होतात.

गटातल्या एका ताईंनी तेव्हा आजींना एवढंच विचारलं, ‘आजी, तिला थंडी नेमकी कुठे वाजते?’ आजींना सांगता येईना. त्यांनी त्याच रविवारी नातीला फोन लावला आणि स्वेटरचं नाव न काढता तोच प्रश्न विचारला.

नात खुलून बोलली. तिकडे घर आतून तापवलेलं असतं, घरात जाड स्वेटर घातला तर घाम येतो. बाहेर जाताना जाड जॅकेट असतं, त्याच्या बाहीत वेणीच्या विणीची बाही मावत नाही. पण बसथांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. तिथे कान आणि मान गारठून दुखतात. विकतची टोपी सैल आहे, वाऱ्याने उडते. आणि हो, रंग काळा किंवा गडद निळा हवा, कारण जॅकेट तसं आहे.

आजींनी पंधरा दिवसांत गडद निळी टोपी आणि गळ्याभोवती घालायची बंद नळी विणली. डिसेंबरात फोटो आला. बसथांबा, मागे बर्फ, आणि नातीचे फक्त डोळे दिसताहेत.

जाड स्वेटरचं काय झालं ते पुढे सांगू.

*३. गरम म्हणजे काय*

समोरच्याचं माप घ्यायचं तर त्याची थंडी समजून घ्यावी लागते. म्हणून थोडी माहिती.

लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचा दुसरा गुण असा की ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा आत घेऊनही हाताला ओली लागत नाही. म्हणून घाम आला, थोडा बर्फ पडून वितळला, तरी ऊब टिकते.

पण हातविणीला भोकं असतात. वारा आला की अडकलेली हवा निघून जाते. म्हणून बर्फाच्या देशात लोक तीन थरांत कपडे घालतात. आतला थर घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा आणि बाहेरचा वारा-पाणी अडवणारा. आपलं विणकाम हा मधला थर आहे. त्याला जॅकेटच्या आत मावायचं आहे. म्हणून तिथे जाड विणीपेक्षा पातळ, अंगासरशी वीण जास्त उपयोगी पडते.

हातमोजे विणायचे असतील तर पाच बोटांच्या मोज्यापेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असा मोजा जास्त गरम राहतो, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण ज्याला बाहेर सतत फोन वापरावा लागतो, त्याला तो कामाचा नाही. पुन्हा तेच: आधी विचारा.

लहान मुलांसाठी विणताना या गोष्टी आजी-आजोबांनी नक्की पाळाव्यात:

• खेळणाऱ्या मुलाला लांब मफलर नको. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर तो अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्याऐवजी डोक्यातून घालायची बंद नळी विणा. टोपीला बांधायचे लांब बंदही नकोत.

• तान्ह्या बाळाचं टोपडं आणि कुंची बाहेर नेताना घालायची. पाळण्यात झोपताना डोक्यावर टोपडं आणि अंगावर सुटं पांघरूण नको. बाळाला जास्त उष्णता होते, आणि टोपडं किंवा पांघरूण तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. तिकडचे डॉक्टर सुनेला हेच सांगतात. तिने टोपडं काढलं तर आपला अपमान केला असं समजू नका.

• गाडीतल्या बाळाच्या खुर्चीत पट्ट्यांच्या आत जाड कपडे चालत नाहीत, पट्टा सैल राहतो. पट्टा घट्ट लावून वरून पांघरायला छोटी विणलेली चादर मात्र फार उपयोगी पडते.

• पायमोज्यांच्या आत सुटे धागे ठेवू नका. बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात. बटणं पक्की शिवा, किंवा नकोच.

लोकर कोणती घ्यायची तेही विचारूनच ठरवा. अस्सल लोकर गरम पाण्याच्या मशीनमध्ये आणि सुकवायच्या यंत्रात गेली की आकसून नमद्यासारखी घट्ट होते. नोकरी करणारी, तान्हं बाळ असलेली मुलगी हाताने कपडे धूत बसणार नाही. तिच्यासाठी मशीनमध्ये धुता येणारी लोकर किंवा साधी अॅक्रिलिकही चालेल. अस्सल लोकर काहींना टोचते, त्यांच्यासाठीही तेच. पार्सलमध्ये धुण्याची सूचना लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा.

*४. एकशे आठ टाके*

आता प्रत्यक्ष टोपी. मोठ्या माणसाची, अगदी नवशिक्यालाही जमेल अशी.

मध्यम जाडीची लोकर साधारण १०० ग्रॅम घ्या. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, १० नंबर ८ पेक्षा बारीक. अमेरिकेत उलट आहे, तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. मुलीकडून सुया मागवणार असाल तर नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

आधी नमुना विणा. २४ टाके घालून १२ सेंटिमीटर उंचीचा सपाट तुकडा: एक ओळ सुलट, एक ओळ उलट. त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २० च्या आसपास आले तर हात बरोबर आहे. जास्त आले तर हात घट्ट आहे, एक जाड सुई घ्या. कमी आले तर बारीक घ्या. नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण शिंप्याच्या कामाची सुरुवात मापाने होते, कात्रीने नाही. आपले नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले होते.

आता १०८ टाके घाला.

हा आकडा आम्ही मुद्दाम देवासाठी शोधला नाही. डोक्याचा घेर ५४ ते ५८ सेंटिमीटर असेल तर या वीणीला एवढेच टाके लागतात, आणि १०८ ला ४ ने पूर्ण भाग जातो. पण आकडा आला आहे तर त्याचा उपयोग करू. एक ओळ म्हणजे एक माळ.

प्रत्येक ओळ सारखीच: दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत. काम उलटून पुन्हा दोन सुलट, दोन उलट. ही वीण ताणली जाते आणि परत आवळते, म्हणून टोपी उडत नाही. असं २३ सेंटिमीटर विणा. मग एका ओळीत सगळीकडे दोनाचा एक करा, ५४ राहतील. एक ओळ उलट. पुन्हा दोनाचा एक, २७ राहतील. धागा हातभर ठेवून कापा, मोठ्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांमधून काढा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने बाजू शिवून घ्या. कडेची घडी वर केली की कानांवर दुहेरी ऊब येते.

गळ्याची नळी हवी असेल तर हेच १०८ टाके, हीच वीण, २२ सेंटिमीटर उंच. कमी न करता टाके सैलसर बंद करा आणि बाजू शिवा.

एका टोपीत साधारण ६० ते ६५ ओळी होतात. म्हणजे साडेसहा-सात हजार टाके. प्रत्येक टाक्याला दत्तनाम घेतलं तर एका टोपीत ६० माळा होऊन जातात. ज्यांना ‘बसून जप होत नाही, मन पळतं’ असं वाटतं, त्यांनी हे करून पाहावं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या दहा ओळी नाम न घेता विणा, हाताला वीण कळू दे. आणि टाका निसटला तर माळ तिथेच थांबवून आधी टाका उचला. नाम चालू आहे म्हणून निसटलेला टाका सोडून दिला तर पुढे टोपी उसवेल, आणि ती कुणाच्या तरी कानावर बसणार आहे.

आता या पाठाचा मुख्य मुद्दा. समजा टोपी पाच वर्षांच्या नातवाची आहे. त्याच्या डोक्याला १०८ टाक्यांची टोपी सैल होईल, डोळ्यांवर येईल. त्याला ९२ पुरेत. दोन वर्षांच्या बाळाला ८४. उंचीही त्या मानाने कमी. मग माळ मोडते की! एक ओळ, एक माळ हा हिशोब राहत नाही.

मोडू द्या. १०८ चा आग्रह आपला आहे. डोकं त्याचं आहे. ज्याच्यासाठी विणतो त्याच्यात देव पाहायचा असेल, तर त्याच्या डोक्याचा घेर हाच त्या दिवसाचा मंत्र. उरलेले १६ मणी संध्याकाळी देवासमोर बसून पूर्ण करा. माळ आपली असते, माप समोरच्याचं असतं. ही दोन्ही एकात एक आली तर आनंदच, नाही आली तर मापाला मान द्यायचा.

*५. न पाहिलेल्या माणसासाठी*

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं तेव्हा आपले जवान हिमालयात पुरेशा गरम कपड्यांशिवाय, सुती गणवेशात लढत होते. त्या वेळी देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता त्यांनीही विणले. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा, कुणाला तरी आठवत असेल.

दुसऱ्या महायुद्धात तर अनेक देशांत घराघरांतून असं विणकाम झालं. रेड क्रॉसने त्यासाठी विणीचे छापील नमुने दिले होते. रंग ठरलेले, मापं ठरलेली. हौसेची फुलं नकोत, भडक रंग नकोत. पायमोज्याच्या बोटांवर जाड शिवण नको, कारण मैलोन्‌मैल चालणाऱ्याच्या पायाला तिथेच फोड येतो. विणणारीने तो पाय कधी पाहिलेला नसायचा. तरी सगळं काम त्या पायाच्या सोयीने व्हायचं.

न पाहिलेल्या सैनिकाच्या पायाचा एवढा विचार करता येतो, तर रोज व्हिडिओवर दिसणाऱ्या नातवंडाला ‘तुला थंडी कुठे वाजते’ हे विचारायला आपल्याला अवघड का जावं? आम्हाला वाटतं, जवळच्या माणसाबद्दल आपण ‘मला माहीत आहे’ असं धरून चालतो. अनोळखी माणसाबद्दल तो अहंकार नसतो.

*६. उसवणं*

विणकामात उसवणं हा कामाचाच भाग आहे. वीस ओळींखाली चूक दिसली तर वीस ओळी ओढून काढाव्या लागतात. जीव तुटतो. पण लोकर कुठे जात नाही. तीच लोकर, तोच गुंडा, पुन्हा टाके.

पूर्वी आपल्या घरांत जुने स्वेटर सर्रास उसवले जायचे. लोकरीची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची, खाली वजन लटकवून वाळवायची. विणीच्या वेटोळ्या सरळ व्हायच्या आणि वडिलांच्या स्वेटरमधून मुलीचा स्वेटर निघायचा.

गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आपण सगळे जाणतो. गरीब ब्राह्मणाचं घर ज्या शेंगांवर चालायचं तो वेलच श्रीगुरूंनी उपटून टाकला. घरची बाई रडली. ब्राह्मणाने वेलाच्या जागी खणलं तेव्हा खाली धन निघालं. आपण ज्याला धरून बसतो ते सुटल्याशिवाय त्याच्या खालचं दिसत नाही.

आजींनी पुढे तेच केलं. टोरांटोहून येणाऱ्या एका पाहुण्याच्या बॅगेतून तो जाड स्वेटर परत मागवला. नातीला आधी वाईट वाटलं, ‘आजी, राहू दे ना माझ्याकडे.’ आजी म्हणाल्या, ‘तुझ्याकडे तो कपाटात आहे. माझ्याकडे त्याच्या चार टोप्या होतील.’ दोघी हसल्या. बऱ्याच महिन्यांनी त्या विषयावर दोघी मोकळं बोलल्या. स्वेटर उसवून त्यांनी टोप्या विणल्या. जानेवारीच्या एका रात्री गटातल्या मुलांनी त्या स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना आणि सोसायट्यांच्या रात्रपाळीच्या वॉचमनना दिल्या. देण्याआधी मुलांनी त्यांनाही विचारलं, टोपी हवी की मफलर. एका वॉचमनकाकांनी मफलर मागितला. तो नव्हता. पुढच्या आठवड्यात विणून दिला.

नैवेद्य दाखवल्यावर आपण देवाला ‘किती खाल्लंस’ असं विचारत नाही. पडदा सारतो आणि बाहेर थांबतो. द्यायच्या आधी शंभर वेळा विचारावं, दिल्यावर एकदाही विचारू नये. ‘घातलास का?’ हा प्रश्न प्रेमाचा असला तरी समोरच्याला हिशोबासारखा ऐकू येतो. मुलांनाही इथे एक विनंती: आलेली वस्तू जमली नाही तर खरं सांगा. ‘घालते ना’ म्हणून वेळ मारून नेली तर आजीला पुढची टोपी नीट विणायची संधीच मिळत नाही.

*७. या महिन्याची साधना*

पहिला आठवडा, विचारणं: एका माणसाला फोन करा. ‘काय पाठवू?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नको’ असंच येतं. विचारा: दिवसात बाहेर कधी असतोस? थंडी कुठे लागते? जॅकेट कोणत्या रंगाचं? कपडे कोण धुतं? डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून सांगायला सांगा. सगळं वहीत लिहा.

दुसरा आठवडा, नमुना: लोकर आणा आणि १० सेंटिमीटरचे टाके मोजा. घटस्थापनेच्या दिवशी टाके घाला.

तिसरा आणि चौथा आठवडा, विणणं: रोज थोडं. पाच-सात ओळी झाल्या तरी पुष्कळ. दिवाळीपर्यंत टोपी पूर्ण झाली तर टपालाने किंवा जाणाऱ्या कुणाच्या बॅगेतून बर्फाच्या आधी पोचेल. टपालाने पाठवताना आत काय आहे ते सीमाशुल्काच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा.

पुरुष मंडळींनी हे बायकांचं काम समजून बाजूला होऊ नये. आपल्या घडियाळी पोळीतच अंबामातेपुढे पुरुष गरबा करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हिमाचलचे गद्दी मेंढपाळ चालता चालता टकळीवर लोकर कातत असत. युरोपात जुन्या काळी विणकऱ्यांचे संघ पुरुषांचे होते. निवृत्त काकांनो, दुपारी पेपर वाचून झाल्यावर दोन सुलट, दोन उलट!

ज्यांना विणता येत नाही, डोळे किंवा बोटं साथ देत नाहीत, त्यांनी गुंडा करून द्यावा, टाके मोजावेत, चिठ्ठी लिहावी. ज्यांचं कुणी परदेशात नाही त्यांनी बडोद्यातल्याच एका उघड्यावर झोपणाऱ्या माणसासाठी करावं. पण त्यालाही आधी विचारावं.

*चिंतनासाठी प्रश्न* (गटात बोला, लहानांनाही बोलू द्या)

१. मी शेवटची दिलेली भेट कुणाच्या मापाची होती, माझ्या की त्याच्या?

२. घरात कोणती वस्तू दिल्यामुळे किंवा नाकारल्यामुळे अबोला आला? ती उसवून त्याचं काय करता येईल?

३. मी ज्याच्यासोबत रोज राहतो, त्याला कशाचा त्रास होतो हे मी शेवटचं कधी विचारलं?

४. माझ्या साधनेत असा कोणता ‘१०८’ चा आग्रह आहे जो दुसऱ्याच्या डोळ्यांवर येतो?

टोप्यांचे फोटो गटावर जरूर टाका. ज्याच्यासाठी विणली त्याचं वय आणि टाक्यांची संख्या लिहा, म्हणजे इतरांना उपयोग होईल. घडियाळी पोळीच्या गटातल्या आजी सध्या एका सात महिन्यांच्या बाळासाठी गाडीत पांघरायची चादर विणताहेत. बाळाच्या आईने रंग सांगितला आहे: पिवळा.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.